बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये कोण हवं, कोण नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेत बेसबॉलचा एकही सामना नसतो, पण बेसबॉलवरून भांडणं सगळ्यात जास्त याच दोन महिन्यांत होतात, कारण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या दालनात, कोण जाणार ते तेव्हा ठरतं. मी बावीस वर्षं न्यू जर्सीत राहतो. सुरुवातीला या भांडणांकडे मी लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यासारखा बघायचो. मग मुलगी सॉफ्टबॉल खेळायला लागली आणि मीही त्यात ओढला गेलो. आता सांगलीहून बाबा आले किंवा पुण्याहून कुणी मित्र आला, की तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. आकडे नोंदीतले आहेत, मतं माझी.

हे हॉल ऑफ फेम नक्की आहे कुठे आणि कुणाचं?

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक गाव आहे. ओत्सेगो तळ्याच्या काठावर, वस्ती दोन हजारांच्याही आत, एक मुख्य रस्ता. त्या रस्त्यावर १९३९ साली हे संग्रहालय उघडलं. जागा तीच का, तर ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये या गावात बेसबॉलचा शोध लावला, अशी आख्यायिका होती. ती साफ खोटी निघाली, पण तोवर इमारत उभी राहिली होती.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ही संस्था खाजगी आहे, मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, नाही. लीगने एखाद्याला माफ केलं तरी हॉलने त्याला घ्यायलाच हवं असं नाही. निम्म्या वादांचं मूळ इथे आहे. निवड झालेल्याचा ब्राँझचा फलक दालनात लागतो: चेहरा, टोपी आणि खाली चार-सहा ओळींत आख्खी कारकीर्द. मेजर लीगमध्ये खेळलेल्या दर शंभरांत जेमतेम एकाच्या नशिबी हा फलक येतो.

निवड कोण करतं?

दोन दारं आहेत. पुढचं दार बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचं. सलग दहा वर्षं सदस्य असलेल्या पत्रकाराला मत मिळतं. खेळाडू किमान दहा मोसम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेला हवा. पत्रकार जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करतो. ७५ टक्के मतं पडली की खेळाडू आत. ५ टक्क्यांच्या खाली गेला की पुढच्या वर्षीपासून यादीतून कायमचा बाद. मधल्यांना दहा वर्षं मिळतात. २०१४ पर्यंत पंधरा मिळत.

मागचं दार समित्यांचं. सोळा जण बसतात, पुढच्या दाराने राहून गेलेल्यांची आठ नावं समोर ठेवतात आणि प्रत्येक जण जास्तीत जास्त तिघांना मत देतो. निवडून यायला बारा मतं लागतात. हिशेब करून बघा: एकूण मतं ४८, म्हणजे सगळं अगदी जुळून आलं तरी चौघेच निवडून येणार. आठही चांगले असले तर मतं फुटतात आणि कुणीच येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जेफ केंटला १४ मतं पडली आणि तो आत गेला. कार्लोस डेल्गाडो ९ वर अडकला, डॉन मॅटिंग्ली आणि डेल मर्फी ६-६ वर. उरलेल्या चौघांना प्रत्येकी पाचही पडली नाहीत, आणि त्या चौघांत बॅरी बाँड्स होता.

निवृत्त माणूस तर खेळत नाही. मग त्याची मतं दर वर्षी वाढतात कशी?

बाबांचा हा सगळ्यात आवडता प्रश्न. स्कॉट रोलनला २०१८ मध्ये १०.२ टक्के मतं होती, २०२३ मध्ये ७६.३. या पाच वर्षांत त्याने एक चेंडूही मारला नव्हता! अँड्रू जोन्सची सुरुवात ७.३ टक्क्यांनी झाली आणि नवव्या वर्षी, २०२६ मध्ये, तो निवडून आला.

याचं कारण, मतदार बदलतात आणि मोजायची फूटपट्टीही बदलते. पूर्वी ३००० हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे धावेचा टप्पा, गाठणं), ५०० होम रन (आपल्या षटकारासारखा फटका), पिचर (चेंडू टाकणारा) असेल तर ३०० विजय, असे ठोकताळे होते. क्रिकेटमध्ये दहा हजार धावा म्हणतो तसे. क्षेत्ररक्षण, बेसवर धावणं, घरचं मैदान फलंदाजाला किती धार्जिणं होतं, याचा हिशेब कुणी करत नसे. आता 'वॉर' नावाचा आकडा बघतात. त्या जागी एखादा साधारण बदली खेळाडू असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, त्याचं हे गणित. त्यामुळे जोन्ससारखा खेळाडू, ज्याने सेंटर फील्डमध्ये (मैदानाच्या मागच्या, मधल्या भागात) दहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार, मिळवले, पण ज्याच्याकडे ४३४ होम रनचा एक बऱ्यापैकी फलंदाज एवढंच म्हणून बघितलं जायचं, तो नव्याने दिसू लागला. चेस अटलीचंही असंच चाललंय. हिट फक्त १८८५, पण पहिल्या वर्षी २८.८ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ३९.८. माझ्या मते तो जाणार, आणि जायलाच हवा.

फक्त एका आकड्यावर भांडण जिंकता येत नाही, हे मात्र खरं. नाहीतर पत्रकारांऐवजी कॅल्क्युलेटरच बसवला असता.

सर्वाधिक होम रन मारणारा बॅरी बाँड्स बाहेर कसा?

७६२ होम रन. २००१ च्या एका मोसमात ७३. सात वेळा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर. दुसऱ्या कुणाला चारच्या पुढे जाता आलेलं नाही. तरी बाहेर, कारण उत्तेजकं. खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेच्या प्रकरणात त्याचं नाव आलं. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं त्याने ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं. न्यायकामात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तो निकालही रद्द झाला. पिचर रॉजर क्लेमेन्सची गोष्ट त्याच वळणाची: ३५४ विजय, सर्वोत्तम पिचरचे सात साय यंग पुरस्कार, खोटी साक्ष दिल्याचा खटला, २०१२ मध्ये निर्दोष. पत्रकारांच्या यादीत दोघांचं दहावं आणि शेवटचं वर्ष २०२२. बाँड्सला ६६ टक्के, क्लेमेन्सला ६५.२.

मागच्या दारानेही दोनदा नकार आला. नव्या नियमाप्रमाणे ज्याला पाचपेक्षा कमी मतं पडतात तो पुढच्या फेरीतून वगळला जातो. म्हणजे दोघांचा विचार २०३१ च्या आधी होणार नाही, आणि तेव्हाही पाच मतं पडली नाहीत तर समितीचंही दार कायमचं बंद.

माझं मत: बाँड्सला घ्यावं. बेसबॉलमध्ये उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्यावर कारवाई व्हायला सुरुवात झाली २००४ मध्ये. त्याआधी, १९९८ च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा होम रनच्या शर्यतीत धावत होते, तेव्हा स्टेडियमं भरत होती आणि मालक खूश होते. दंडांच्या अचानक फुगलेल्या स्नायूंबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. त्या काळचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बड सेलिग यांना २०१७ मध्ये हॉलने सन्मानाने आत घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं मी म्हणणार नाही. बाँड्स संन्यासी नव्हताच. पण राखणदाराच्या गळ्यात हार आणि चोर तेवढा वेशीबाहेर, हा कुठला न्याय?

घ्यावं, आणि फलकावर एक ओळ त्याबद्दलही लिहावी. ब्राँझवर जागा पुरते.

मग उत्तेजकं घेतलेल्या सगळ्यांनाच घ्यायचं का?

नाही. ॲलेक्स रॉड्रिगेझला ६९६ होम रन असूनही मी थांबवेन. मॅनी रमिरेझलाही. रॉड्रिगेझवर २०१४ चा पूर्ण मोसम बंदी होती, रमिरेझ चाचणीत दोनदा सापडला. तेव्हा नियम होता, शिक्षा माहीत होती, तरी केलं. नियमाआधीचं आणि नियमानंतरचं यात मी फरक करतो. माझ्या मुलीला हा फरक पटत नाही. ती म्हणते, 'फसवणूक ती फसवणूक.' जेवणाच्या टेबलावर हा वाद अजून सुटलेला नाही.

डेव्हिड ऑर्टिझबद्दल लोक नेहमी विचारतात. २००३ च्या चाचणीत त्याचंही नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली, तरी तो पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, ७७.९ टक्क्यांनी आत गेला. ती चाचणी गुप्त राहायची होती आणि पुढच्या वर्षांत तो कधी सापडला नाही, असा बचाव देतात. बचाव ठीक आहे. पण ऑर्टिझ हसतमुख होता आणि बाँड्स पत्रकारांशी धड बोलतही नसे, याचा मतांवर काहीच परिणाम झाला नाही, असं कुणी म्हणालं तर मी फक्त मान हलवतो.

नियमात 'चारित्र्य' लिहिलंय म्हणतात, ते खरं का?

खरं. खेळातलं कौशल्य आणि कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही बघावं, असं नियमात आहे. त्याच दालनात गेलॉर्ड पेरीचा फलक आहे. चेंडूला थुंकी आणि ग्रीस लावून टाकण्याबद्दल हा पिचर प्रसिद्ध होता, आत्मचरित्रात त्याने ते कबूलही केलं. ३१४ विजय, १९९१ मध्ये प्रवेश. क्रिकेटमध्ये चेंडू कुरतडण्यावरून केवढा गहजब होतो ते आठवा. बेसबॉलवाले पेरीच्या आठवणी हसत सांगतात.

पीट रोझ?

या माणसाच्या ४२५६ हिट आहेत, मेजर लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर (सामन्यात डावपेच ठरवणारा प्रशिक्षक) असताना त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर सट्टा लावला. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. १९९१ मध्ये हॉलने नियम केला की बंदीच्या यादीतलं नाव मतपत्रिकेवर येणारच नाही. पंधरा वर्षं त्याने कानावर हात ठेवले आणि २००४ मध्ये एकदाचं कबूल केलं. हॉलच्या वार्षिक सत्कार सोहळ्याच्या शनिवार-रविवारी तो कूपर्सटाउनच्या मुख्य रस्त्यावर एखाद्या दुकानात टेबल टाकून बसायचा आणि पैसे घेऊन सह्या द्यायचा, दालनापासून चालत दोन-चार मिनिटांवर. हे चित्र मला त्याच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

३० सप्टेंबर २०२४ ला तो गेला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की माणूस वारला की बंदीही संपते. त्यामुळे आता डिसेंबर २०२७ मध्ये जुन्या काळाच्या समितीपुढे त्याचं नाव येऊ शकतं.

त्याचे चाहते म्हणतात, तो नेहमी आपला संघ जिंकेल यावरच पैसे लावायचा, मग बिघडलं काय? बिघडलं ते असं. ज्या दिवशी मॅनेजरचे पैसे लागलेत त्या दिवशी तो थकलेल्या पिचरलाही पुढे रेटेल. ज्या दिवशी तो पैसे लावत नाही त्या दिवशी बुकीला आपोआप कळतं की आज याला संघाची खात्री नाही. २००० साली क्रिकेटमध्ये आपले डोळे उघडले, त्यामुळे हे मराठी माणसाला फोडून सांगायला नको. लीग आज सट्ट्याच्या कंपन्यांच्या जाहिरातींवर पैसे कमावते, हा ढोंगीपणा मला दिसतो. तरी माझं मत: नाही.

आणि 'शूलेस' जो जॅक्सन?

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ जण हरण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपात सापडले. जॅक्सनने त्या सिरीजमध्ये १२ हिट मारल्या, सरासरी .३७५, म्हणजे उत्तमच. हरायला खेळणारा असा खेळतो का, हा त्याच्या बाजूचा सवाल. १९२१ मध्ये ज्युरीने सगळ्यांना सोडलं, पण कमिशनर लँडिस यांनी लगेच कायमची बंदी घातली. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस १९५१ मध्ये वारला.

मन म्हणतं घ्यावं. पण पाच हजार डॉलर त्याने घेतले होते, हे त्याने स्वतः ग्रँड ज्युरीला सांगितलं. रोझला नाही म्हणून याला हो म्हणणं मला जमत नाही.

कृष्णवर्णीय खेळाडूंचं काय झालं? त्यांना तर १९४७ पर्यंत खेळूच देत नव्हते.

म्हणूनच आकड्यांवर फार विसंबू नये. नीग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या, खेळाडूंबद्दल हॉल कितीतरी वर्षं गप्प होतं. टेड विल्यम्सने १९६६ मध्ये स्वतःच्या सत्काराच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि हे लोक इथे असायला हवेत, असं सांगितलं. पेज १९७१ मध्ये आला, गिब्सन १९७२ मध्ये. गिब्सन तेव्हा हयात नव्हता.

२००६ मध्ये खास समितीने एकदम सतरा जणांना घेतलं. त्यात एफा मॅन्ली ही हॉलमधली पहिली स्त्री होती. पण बक ओनील राहिले. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे खेळाडू, मग मॅनेजर, मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय कोच आणि या सगळ्या इतिहासाचे चालतेबोलते साक्षीदार. वय ९४. ते सतरा जण हयात नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने बोलायला ओनील यांनाच बोलावलं. ते आले! स्वतःबद्दल एक कडवट शब्द नाही. जमलेल्या सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून त्यांनी गाणं म्हणायला लावलं. दोनेक महिन्यांनी ते गेले. फलक लागला २०२२ मध्ये.

दालनात गेलात तर जॅकी रॉबिन्सनच्या फलकापुढे जरा थांबा. १९६२ मध्ये लागलेल्या मूळ फलकावर फक्त खेळाची कामगिरी होती. वर्णभेदाची भिंत पाडणारा हा पहिला माणूस, याबद्दल अक्षर नव्हतं. आपलं मूल्यमापन खेळावर व्हावं, अशी त्याचीच इच्छा होती म्हणतात. २००८ मध्ये नवा फलक करून ती गोष्ट त्यावर घातली. आम्ही गेलो तेव्हा मुलीने तो मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, 'आधी काय लिहिलं होतं मग?'

माणूस गेल्यावर सन्मान, हे इतक्या वेळा का होतं?

वरातीमागून घोडं ही म्हण मागच्या दारावर कोरून ठेवायला हवी.

शिकागो कब्जचा रॉन सँटो. कारकिर्दीची बरीच वर्षं मधुमेह लपवून खेळला, ३४२ होम रन मारले, पाच गोल्ड ग्लव्ह घेतले. पुढे मधुमेहात दोन्ही पाय गेले, तरी रेडिओवर समालोचन करत राहिला. डिसेंबर २०१० मध्ये वारला. डिसेंबर २०११ मध्ये समितीने निवडलं. त्या बारा महिन्यांत त्याच्या नावावर एक धावही वाढली नव्हती.

डिक ॲलनचं तर त्याहून वाईट. फिलाडेल्फियात त्याचेच प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकायचे, म्हणून तो फील्डिंग करतानाही हेल्मेट घालायचा. समितीत २०१४ मध्ये तो एका मताने हुकला. पुढची बैठक डिसेंबर २०२० मध्ये होती, ती साथीमुळे पुढे ढकलली, आणि ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी तो गेला. २०२१ मध्ये बैठक झाली, पुन्हा एकच मत कमी. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये निवड झाली. त्याच्याबरोबर निवडलेल्या डेव्ह पार्करला निदान बातमी तरी कळली; पार्किन्सनने आजारी असलेला पार्कर सोहळ्याच्या महिनाभर आधी वारला.

कधी घाई केली आहे का?

हो. लू गेरिगला तो आजारी पडल्यावर १९३९ मध्येच नियम बाजूला ठेवून घेतलं. रॉबर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला, त्याला १९७३ मध्ये. म्हणजे ठरवलं तर जमतं.

एकदा आत गेलेल्याला बाहेर काढतात का?

आजवर कुणालाच काढलेलं नाही. रॉबर्टो अलोमारवर २०२१ मध्ये गैरवर्तनाच्या चौकशीनंतर लीगने बंदी घातली, फलक मात्र तसाच आहे.

शंभर टक्के मतं कुणाला पडली आहेत?

फक्त मारियानो रिव्हेराला, २०१९ मध्ये, ४२५ पैकी ४२५. डेरेक जीटर एका मताने हुकला. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीही एकाच मताने. इचिरो म्हणाला, त्या पत्रकाराला मी घरी बोलावतो, बसून एखादा पेग घेऊ.

खेळाशिवाय इतर कामासाठी कुणी राहून गेलंय का?

कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, सात गोल्ड ग्लव्ह. त्या काळी करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच ताब्यात राहायचा. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला, मी विकायची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये तो हरला. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. काही वर्षांतच इतर खेळाडूंना ते स्वातंत्र्य मिळालं. आज ते शेकडो कोटींचे करार करतात. खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर आत आहेत, तेही मरणोत्तर. फ्लड नाही. यावर मला कुणाशी वादही घालायचा नाही, उद्याच घ्या.

एकच नाव सांगा म्हटलं तर?

लू व्हिटेकर. डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन. तो आणि शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल सप्टेंबर १९७७ मध्ये एकाच दिवशी मेजर लीगमध्ये उतरले आणि १९९५ पर्यंत शेजारी शेजारी उभे राहिले. तबला-पेटीची जोडी असते तशी. १९८४ ची वर्ल्ड सिरीज दोघांनी मिळून जिंकली. 'वॉर'च्या हिशेबात ट्रॅमेल सत्तरच्या आसपास, व्हिटेकर पंच्याहत्तरच्या. २००१ मध्ये व्हिटेकर पहिल्यांदा यादीत आला, मतं पडली २.९ टक्के, आणि पाच टक्क्यांच्या नियमाने तिथल्या तिथे बाद. जोडीदाराला मात्र पंधरा वर्षं यादीत राहायला मिळालं आणि २०१८ मध्ये समितीने आत घेतलं. व्हिटेकरला २०१९ च्या समितीत सोळांपैकी सहा मतं. २०२५ च्या आठ नावांत त्याचं नाव नव्हतंच.

तो कुणाशी भांडला नाही, कुठल्या खटल्यात अडकला नाही, बातमी होईल असं काही बोललाही नाही. त्याच्या बाजूने कोण ओरडणार?

१९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला जाताना तो आपला गणवेश गाडीतच विसरला. स्टेडियममध्ये चाहत्यांसाठी विकायला ठेवलेली टायगर्सची जर्सी मागवली, पाठीवर मार्करने १ हा आकडा काढला आणि तीच घालून तो खेळला. ती जर्सी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. कूपर्सटाउनमध्ये ट्रॅमेलचा फलक लागला आहे, एकट्याचा.